आंत्रविषार म्हणजे आंत्रविकार नाही, आणि विषाणू तर अजिबातच नाही

साक्रीकडच्या एका वाचकाचा प्रश्न आलाय. मेंढ्यांच्या लसीकरणाच्या फलकावर 'आंत्रविषार' लिहिलंय, ही 'आंत्रविकार'ची छपाईची चूक आहे का?

नाही हो, शब्द बरोबर आहे. आंत्र म्हणजे आतडं, विषार म्हणजे विष, आणि आंत्रविषार म्हणजे आतड्यात तयार झालेल्या विषाने मेंढ्या-शेळ्यांना होणारा आजार. चूक करतात ती बातम्या लिहिणारी मंडळी. दरवर्षी पाऊस पडला की धुळे-साक्रीकडे ठेलारी मेंढपाळ भाऊंची दोन-चार मेंढरं मरतात आणि लगेच मथळा येतो 'विषाणूने मेंढ्या दगावल्या', नाहीतर 'मेंढ्यांना विषबाधा', मग बांधावरच्या शेतकऱ्यावर संशय आणि भांडणं. अरे बाबा, विषाणू म्हणजे व्हायरस, या आजारामागे आहे तो जिवाणू, क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स, धनुर्वात आणि गुरांच्या फऱ्या रोगाच्या जिवाणूंच्याच खानदानातला. आणि विष बाहेरून कुणी घालत नाही, ते आतड्यातच तयार होतं. हा जिवाणू धडधाकट मेंढीच्या पोटातही थोडाफार असतोच. अचानक कोवळा लुसलुशीत चारा किंवा भसाभस दाणा पोटात गेला की अर्धवट पचलेलं पिठूळ लहान आतड्यात उतरतं, त्यावर तो माजतो आणि एप्सिलॉन नावाचं विष सोडतो. गंमत अशी की हे विष सोडताना निष्क्रिय असतं, मेंढीच्याच पचनरसातलं ट्रिप्सिन त्याला कापून जहाल करतं. मग आतड्याचं अस्तर पाझरायला लागतं, विष रक्तात जातं, मेंदू आणि मूत्रपिंडं नासतात. संध्याकाळी चांगलं चरलेलं, कळपातलं सगळ्यात गुबगुबीत कोकरू सकाळी मान मागे ताणून मेलेलं. शेळीला निदान हगवण तरी लागते, मेंढीत कधी कधी आतडं उघडून बघितलं तर फारसं काही दिसतही नाही, म्हणून 'आंत्रविकार' म्हणणं आणखीच चुकीचं.

आता मुद्द्याचं. 'विषारी' हा शब्द आपण रोज वापरतो, पण त्यात 'र' कुठून आला हे कुणी विचारत नाही! विष-विषी व्हायला हवं होतं ना? तर नाम आहे विखार, म्हणजे जहर, आणि त्याला ई लागून विखारी. बोलीत ष चा ख होतोच, औषधाचं औखद, पाषाणाचा पाखाण, हर्षाचा हरिख, आणि आपल्याकडे म्हातारी माणसं विषाला सरळ 'इख' म्हणतात. माझा पक्का अंदाज असा की विखार हाच जिताजागता शब्द, पुढे शिकलेल्यांना ख गावंढळ वाटला म्हणून त्यांनी ष परत बसवला आणि विखारचा विषार झाला, विखारीचं विषारी. म्हणजे फलकावरचा तो जड शब्द मुळात आपल्या आजीचाच, फक्त इस्त्री करून आणलेला.

काही व्याकरणवाले म्हणतात की हा पुजारी-भिकारी मधला 'आरी' प्रत्यय आहे. पटत नाही. पुजारी, पिंजारी, भिकारी ही सगळी माणसं आहेत, काहीतरी करणारी. विषारी हा गुण आहे, आणि मुळात विखार हे नाम स्वतंत्र उभं असताना प्रत्यय शोधत फिरायचं कशाला? दुसरे एक ज्ञानी 'विष अधिक आजार' अशी फोड करतात, त्यांना तर उत्तर द्यायचीही गरज नाही. आणि तिसरे आहेत ते 'आंत्रविषरक्तता' सुचवणारे. अर्थ चोख आहे, विष रक्तात जातं हेच त्यात सांगितलंय, मान्य. पण तो शब्द मेंढ्यांच्या वाड्यावर जाऊन मेंढपाळाला एकदा म्हणून दाखवा, तोवर दोन मेंढ्या आणखी मरतील.

हां, लसीचं राहिलंच. पावसाळ्याच्या आधी टोचून घ्या, आणि पहिल्यांदाच टोचत असाल तर डॉक्टर सांगतील तेव्हा दुसरा डोस चुकवू नका. ती लस त्या विषाविरुद्धच असते, त्यामुळे तिला 'विषाणूची लस' म्हणणाऱ्या बातमीदाराला माझ्याकडे पाठवा.