ऑस्ट्रेलियातल्या लहान गावात गुरांचा डॉक्टर म्हणून यायचंय?

आपल्याच कॉलेजचा ज्युनिअर आहेस, म्हणून अरे-तुरे करते. तुझा प्रश्न असा: चार वर्षं तालुक्याच्या गावी खासगी प्रॅक्टिस केली, गाई-म्हशींवर हात बसलाय, आता ऑस्ट्रेलियात एखाद्या लहान गावातल्या क्लिनिकमध्ये काम करायचंय. परीक्षा किती अवघड, आणि काम झेपेल का?

परीक्षेचं पटकन सांगते. आपली बी.व्ही.एस्सी. इथे थेट चालत नाही. ऑस्ट्रेलेशियन व्हेटरिनरी बोर्ड्स कौन्सिलची परीक्षा द्यावी लागते. आधी इंग्रजी, मग बहुपर्यायी प्रश्न, शेवटी प्रत्यक्ष करून दाखवायचं. माझा शेवटचा टप्पा क्वीन्सलँडमध्ये गॅटनला झाला. फीच काही लाख रुपये होते, त्यामुळे अर्धवट तयारीने बसू नकोस. मी पहिल्या वेळी भुलीच्या भागात अडकले. गाय उभ्याने, जागेवर सुन्न करून पोट उघडायला सांगितलं असतं तर डोळे मिटून केलं असतं. पण गॅसवर झोपवलेल्या कुत्रीचा श्वास, रक्तदाब सांभाळत तिचं गर्भाशय काढणं ही वेगळीच सवय आहे. निघण्याआधी तीन-चार महिने परळच्या बाई साकरबाईसारख्या मोठ्या दवाखान्यात कुत्र्या-मांजरांचं काम कर. लहान गावातही अर्धा दिवस त्यांचाच असतो, आणि घोडेही येतात.

आता काम. मी व्हिक्टोरियाच्या नैर्ऋत्येला आहे, कोलॅक आणि वॉर्नाम्बूलच्या मधल्या पट्ट्यात. सगळा दुधाचा मुलूख. चार डॉक्टर, दोन नर्स, एक रिसेप्शन. एकेका शेतावर चारशे-पाचशे गाई, आणि त्या वर्षभर कुरणावरच. बरेच जण मार्च ते मेमध्ये किंवा जुलै ते सप्टेंबरमध्ये कळप एकदम विऊ देतात. त्या दिवसांत झोप विसर. अडलेली गाय, दूधज्वर, मॅग्नेशियम उतरून तडफडणारी गाय, वसंतात क्लोव्हरचा कोवळा चारा खाऊन पोटफुगी. यातलं काहीच तुला नवीन नाही, आणि अंधारात, चिखलात, एका बॅटरीवर काम करायची तुझी सवय इथे सोन्यासारखी आहे. गोचिडांमुळे होणारा, रक्त कमी करणारा थायलेरिया इथेही आहे, फक्त आपल्याकडच्यापेक्षा वेगळ्या जातीचा. पांढऱ्या पडलेल्या डोळ्यांची गाय पाहिल्यावर मला कुणाला विचारावं लागलं नाही.

काही गोष्टी मात्र विसराव्या लागतील. एन्रोफ्लॉक्सासिनची बाटली घरीच ठेव. त्या अँटिबायोटिकचा अख्खा गट इथे दुधा-मांसाच्या जनावरांसाठी नोंदलेलाच नाही. प्रत्येक औषधामागे दूध किती वेळ टाकायचं ते लिहून द्यावं लागतं. आणि लाळ्या खुरकूत! इथे शेवटचा 1872 साली झाला. तोंडात फोड दिसला की आपण पोटॅशियम परमँगनेटने तोंड धुवायला सांगून पुढच्या गोठ्यात जातो. इथे तसाच फोड दिसला तर त्या शेतातून हलायचं नाही आणि तिथूनच सरकारी यंत्रणेला फोन करायचा.

पण खरं अवघड काय, ते कुठल्याच अभ्यासक्रमात नाही. मराठवाड्यातल्या सहा वर्षांत मी एकाही गुराला दयामरण दिलं नव्हतं. बसलेली म्हैस नऊ दिवस बांबू आणि गोणपाटाच्या झोळीत उचलून धरलेली मी पाहिली आहे. घरातल्या म्हातारीने रात्र-रात्र तिची कूस बदलली, आणि दहाव्या दिवशी ती उभी राहिली. मी त्याच श्रद्धेने इथे आले. दुसऱ्या महिन्यात एक पहिलारू कालवड अडली, वासरू ओढून काढलं आणि तिचे मागचे पाय गेले. चौथ्या दिवशीही ती उठेना, खाणं सुटलं, मांडीला जखमा झाल्या. मी अजून दोन दिवस मागत होते. शेतकरी, साठीतला शांत माणूस, म्हणाला, "तिला त्रास होतोय आणि तुलाही ते दिसतंय." औषध भरलेली सिरिंज माझ्या हातात होती आणि माझा हात पुढे जाईना. शेवटी सीनिअर डॉक्टरीणबाईंनी ते केलं. परतताना गाडीत त्या एवढंच म्हणाल्या, पुढच्या वेळी तू करायचंस.

पुढच्या वेळी मी केलं. त्यानंतर कितीतरी. वाघसापाने चावलेला कुत्रा येतो, प्रतिविषाचा खर्च ऐकून मालक भिंतीकडे पाहत राहतो. त्याला पर्याय तूच सांगायचे असतात, तो शेवटचाही, सरळ शब्दांत, नजर न चुकवता. 'बघू या', 'देवाची इच्छा' असं म्हणून तिथून निघता येत नाही. आपल्याकडची म्हातारी चुकली असं मी आजही म्हणणार नाही. तिची म्हैस उठली. पण माझी कालवड उठणार नव्हती, आणि ते मला दुसऱ्याच दिवशी कळायला हवं होतं. हा फरक ओळखायला शीक. आत्तापासून बसलेल्या प्रत्येक जनावराची नोंद ठेव: कितव्या दिवशी काय दिसलं, उठलं की नाही. त्या वहीची इथे रोज गरज पडेल.

एकटेपण आहे. गावात सुपरमार्केट एक, कढीपत्ता मिळायला मेलबर्न. बायको-मुलीसह येणार असशील तर वॉर्नाम्बूलच्या जवळची नोकरी बघ. तिथे शाळा, दवाखाना, रेल्वे आहे. संध्याकाळी गाडी हळू चालव, कांगारू अचानक रस्त्यात येतात.

नोंदणी होण्याआधी क्लिनिकमध्ये नर्स म्हणून काम मिळू शकतं. त्यात कमीपणा मानू नकोस, मी आठ महिने पिंजरे धुतले आणि भुलीचं मशीन तिथेच शिकले. क्लिनिकला मेल लिहिताना 'रिस्पेक्टेड सर' नको, सरळ नावाने लिही. आणि पदकांच्या आधी हे लिही: अडलेल्या किती गाई सोडवल्या, किती सिझेरियन केले, रात्री एकट्याने किती.