वाचा गेली म्हणजे समज गेली का?

या वेळच्या पत्रांत स्ट्रोकनंतर बोलणं अडलेल्या माणसांबद्दलची पत्रं जास्त होती, म्हणून ती आधी घेते.

प्रश्न : सासऱ्यांना चार महिन्यांपूर्वी स्ट्रोक आला. उजवा हात अजून लुळा आहे. काहीही विचारा, उत्तर एकच, 'नको'. पण संध्याकाळी देवापाशी दिवा लावला की आमच्याबरोबर रामरक्षा सलग म्हणतात. नणंद म्हणते, मुद्दाम करतात. खरं काय? (कोथरूड)

उत्तर : मुद्दाम नाही. नणंदबाईंना हे उत्तर जरूर वाचून दाखवा.

उजव्या हाताने लिहिणाऱ्यांपैकी साधारण 95 टक्के माणसांत आणि डावखुऱ्यांपैकीही 70 टक्क्यांच्या आसपास भाषेचा कारभार मेंदूच्या डाव्या भागाकडे असतो. शरीराची उजवी बाजूही तोच भाग हलवतो. म्हणून उजवं अंग जाणं आणि बोलणं जाणं अनेकदा जोडीनेच येतं. असं बोलणं जाण्याला वाचाघात म्हणतात.

रामरक्षा त्यांना पाठ आहे. स्तोत्रं, पाढे, वारांची नावं आणि हो, शिव्यासुद्धा जुळवाव्या लागत नाहीत. एक ओळ तोंडातून सुटली की पुढची तिच्यामागे येते. या कामात मेंदूच्या उजव्या भागाचा आणि आतल्या खोल केंद्रांचा वाटा असतो, असं मानतात. 'मला पाणी हवंय' हे मात्र दर वेळी नव्याने बांधावं लागतं: शब्द शोधायचा, त्याला प्रत्यय लावायचा, मग ओठ-जीभ हलवायची. सासऱ्यांचं घोडं तिथे अडतं.

पॅरिसचे शल्यविशारद पॉल ब्रोका यांनी 1861 मध्ये तपासलेला एक रुग्ण कशालाही 'तां' एवढंच उत्तर द्यायचा. इथे किती वर्षं आहेस, असं विचारल्यावर त्याने पंजा चार वेळा उघडला आणि वर एक बोट दाखवलं. 21 वर्षं, आणि हिशेब अगदी बरोबर होता! चिडला की मात्र एक सणसणीत शिवी तोंडातून स्वच्छ बाहेर पडायची. मृत्यूनंतर पाहिलं तर इजा मेंदूच्या डाव्या बाजूला, पुढच्या भागात होती.

तेव्हा सासऱ्यांचं 'नको' हे 'हो'सुद्धा असू शकतं. त्या शब्दावर जाऊ नका. टीव्ही बंद करा, समोर बसा, कागदावर मोठ्या अक्षरांत 'चहा' आणि 'कॉफी' लिहा आणि डाव्या हाताने बोट दाखवू द्या. प्रश्न विचारलात की गप्प राहा. आपल्या पुण्यात हे जरा कठीणच, समोरच्याचं वाक्य आपणच पुरं करायची आपल्याला खोड. लांब, गुंतागुंतीची वाक्यं त्यांना समजायला जड जात असतील, पण म्हणून 'त्यांना काय कळतंय' म्हणत त्यांच्यादेखत फ्लॅटच्या कागदपत्रांची चर्चा करू नका. बरंच कळत असतं.

रामरक्षा चालू ठेवा. नुसत्या पठणाने बोलणं परत येत नाही, पण सुरांचा आधार घेणारी एक उपचारपद्धती 1973 पासून वापरात आहे. 'पाणी हवं' यासारखे छोटे शब्दसमूह सुरात म्हणायचे आणि डाव्या हाताने ठेका धरायचा. ती सगळ्यांना लागू पडत नाही; व्हिडिओ बघून घरी करण्यापेक्षा स्पीच थेरपिस्टला विचारा. चार महिने म्हणजे उशीर झाला, असं मुळीच नाही.

प्रश्न : परवा आई फोनवर बोलता बोलता भलतेच शब्द बोलू लागली. दहा मिनिटांत ठीक झाली. शेजारच्या काकू म्हणाल्या, पित्त असेल. डॉक्टरकडे न्यावं का? (सिंहगड रोड)

उत्तर : हे वाचून संपायच्या आत निघा. पित्ताने शब्द बदलत नाहीत. मेंदूचा रक्तपुरवठा थोडा वेळ अडून पुन्हा सुरू झाला असण्याची दाट शक्यता आहे, आणि अशा झटक्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांतच मोठ्या स्ट्रोकचा धोका जास्त असतो. पुन्हा असं झालं, तोंड वाकडं झालं किंवा हात खाली पडला, तर 108 ला फोन करा आणि सुरुवात किती वाजता झाली ते लिहून ठेवा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.

प्रश्न : आजी मूळची धारवाडची, पन्नासेक वर्षं पुण्यात. स्ट्रोकनंतर मराठी अडखळते, कन्नड मात्र येतंय. आम्हाला कुणालाच कन्नड कळत नाही. मराठीच बोल, असा आग्रह धरावा का? (सदाशिव पेठ)

उत्तर : नको. दोन भाषांसाठी मेंदूत दोन वेगळ्या जागा नसतात, बराचसा भाग सामायिक असतो. म्हणून बहुतेकांच्या भाषा बरोबरीनेच सुधारतात. तुमच्या आजीसारखी माणसंही असतात. एकोणिसाव्या शतकात फ्रेंच मानसशास्त्रज्ञ रिबो म्हणाले, आधी शिकलेली भाषा टिकते. फ्रेंच डॉक्टर पित्र यांनी 1895 मध्ये मांडलं, रोजच्या वापरातली आधी परतते. रुग्ण दोघांचंही ऐकत नाहीत! जी भाषा येतेय तिच्यातून काम सुरू करा. धारवाडच्या बहिणीशी रोज व्हिडिओ कॉल लावून द्या, आणि 'नीरु' म्हणजे पाणी, 'ऊटा' म्हणजे जेवण, एवढं तुम्हीच शिकून घ्या. एका भाषेतली सुधारणा कधी कधी दुसरीतही उतरते.

प्रश्न : मुलगा अडीच वर्षांचा. घरी मराठी, सांभाळणाऱ्या मावशी हिंदी, प्लेग्रुपमध्ये इंग्रजी. जेमतेम दहा शब्द बोलतो. घरी इंग्रजीच बोला, असा सल्ला मिळालाय. (पिंपळे सौदागर)

उत्तर : मराठी सोडू नका. अनेक भाषा कानावर पडल्याने मूल उशिरा बोलतं, हा गैरसमज आहे. 'मिल्क दे' म्हणाला तरी बिघडत नाही. शब्द मोजताना तिन्ही भाषांतले धरा. पण तसे धरूनही दहाच होत असतील, तर ते कमी आहेत. दोन वर्षांपर्यंत साधारण पन्नास शब्द आणि दोन-दोन शब्दांच्या जोड्या अपेक्षित असतात. ऑडिओलॉजिस्टकडून आधी ऐकणं तपासून घ्या, हाक मारली की वळतो असं असलं तरीही, आणि तो अहवाल घेऊन स्पीच थेरपिस्टकडे जा.