वाचकांचे प्रश्न : कार्बोरेटरला हात सगळ्यात शेवटी

प्रश्न : जुनी पेट्रोल ॲम्बेसेडर आहे, १४८९ सीसी. सकाळी झकास चालते. मे महिन्यात दुपारी नांदेडकडे निघालो की तासाभरात झटके देऊन बंद पडते आणि अर्ध्या तासाने आपोआप सुरू होते. मिस्त्रींनी कार्बोरेटर दोनदा खोलून साफ केला, फरक नाही.
– एक वाचक, परभणी

उत्तर : तिसऱ्यांदा खोलू देऊ नका. जेट (कार्बोरेटरमधले पेट्रोलचे बारीक भोक) तुंबले असते तर सकाळीही त्रास झाला असता. गरम झाल्यावर बंद आणि निवल्यावर सुरू, याला बहुधा दोनपैकी एक कारण असते : नळीत पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटणे, नाहीतर कॉइल किंवा कंडेन्सर (प्लगच्या ठिणगीसाठी वीज देणारे भाग) तापून ठिणगी मरणे. कोणते ते गाडी बंद पडली तिथेच तपासावे लागते. गॅरेजपर्यंत ओढून नेईतो इंजिन निवते आणि काहीच सापडत नाही.

डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगांना वीज वाटणाऱ्या डब्याच्या) टोपीतली मधली जाड वायर उपसा. रबरी मुठीच्या पकडीने तिचे टोक इंजिनच्या लोखंडापासून पाव इंचावर धरा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. हे कार्बोरेटरपासून लांब करा, आसपास पेट्रोल गळत नाही ना ते आधी बघा. निळी, कडकडणारी ठिणगी आली तर इग्निशन ठीक. पिवळट, मरगळलेली आली तर आधी कंडेन्सर बदला, मग कॉइल. कंडेन्सर स्वस्त असतो, पण दुकानातला नवाही खराब निघतो. म्हणून चालत असलेला जुना फेकू नका, डिकीत ठेवा.

ठिणगी चांगली असेल तर पेट्रोल पंपावर आणि त्याच्याकडे येणाऱ्या नळीवर ओला फडका गुंडाळा. पाच-दहा मिनिटांत गाडी सुरू झाली तर वाफच समजा. पेट्रोलमधला हलका भाग ३५-४० अंशांनाच उकळू लागतो. परभणीत बाहेरच ४२-४३ अंश असतात, बॉनेटखालचे तर विचारूच नका. त्यात इंजिनवरचा पंप मागच्या टाकीतून पेट्रोल ओढतो. ओढताना नळीतला दाब उतरतो, म्हणून ते आणखी लवकर उकळते.

फडका हा तात्पुरता इलाज. कायमचा करायचा तर नळी एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून (इंजिनचा धूर बाहेर नेणाऱ्या तापलेल्या नळकांड्यापासून) शक्य तितकी लांबून फिरवा, मध्ये पत्र्याची आड द्या. कार्बोरेटरखालची जाड उष्णतारोधक पॅकिंग जागेवर आहे का पाहा. ती काढून साधे गॅस्केट बसवलेल्या गाड्या पुष्कळ दिसतात. एवढ्यानेही भागले नाही तर टाकीजवळ कमी दाबाचा, २-३ पीएसआयचा इलेक्ट्रिक पंप बसवा. तो पेट्रोल ढकलतो, त्यामुळे नळीत दाब टिकतो. त्याहून जास्त दाबाचा पंप फ्लोटची (पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाची) सुई उचलून कार्बोरेटर ओसंडवेल. पंपाला फ्यूज हवाच.

प्रश्न : माझीही ॲम्बेसेडरच. स्लोला थरथरते, मिसिंग करते. कार्बोरेटरचा स्क्रू फिरवून तेवढ्यापुरती सुधारते.
– एक वाचक, धाराशिव

उत्तर : स्क्रू फिरवून दुखणे झाकले जाते, इतकेच. गाडी स्लोला ठेवून एकेका प्लगची वायर रबरी मुठीच्या पकडीने काढून बघा. जी काढल्यावर आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर कामचुकार. आता टॅपेटपासून, म्हणजे व्हॉल्व्हवरच्या फटीपासून, सुरुवात. इंजिन थंड असताना फट १५ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). तुमच्या हँडबुकात वेगळा आकडा असेल तर तो प्रमाण. पुढून १ ते ८ व्हॉल्व्ह मोजा आणि ९ ची बेरीज लक्षात ठेवा : ८ नंबरचा पूर्ण दबलेला असताना १ नंबर लावायचा, ६ दबलेला असताना ३, याप्रमाणे. थोडी टकटक चालेल. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह घट्ट राहिला तर तो नीट बसत नाही आणि जळतो.

मग पॉइंट (डिस्ट्रिब्युटरमधला ठिणगीचा स्विच). हँडल मारून पॉइंटची टाच कॅमच्या उंचवट्यावर आणा आणि १४ ते १६ थाऊची फट लावा. प्लगला २५ थाऊ. कॅमवर ग्रीसचा तीळभर थर द्या. तो नसेल तर टाच झिजते, फट मिटत जाते, टायमिंग (ठिणगीची वेळ) मागे पडते आणि इंजिन विनाकारण तापते. फट बदलली की टायमिंगही सरकते, म्हणून ते त्यानंतरच लावायचे. प्लगच्या वायरींचा क्रम १-३-४-२. एवढे झाल्यावर कार्बोरेटरचे स्क्रू.

प्रश्न : रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी चालते का?
– एक वाचिका, लातूर

उत्तर : नाही. त्यातले क्षार गरम पाण्यातून वेगळे होऊन सिलिंडरभोवती आणि रेडिएटरच्या नळ्यांत खपली धरतात. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट डब्यावर दिलेल्या प्रमाणात भरा. थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईतो पाणी अडवणारी झडप) काढून टाकण्याचा सल्ला मानू नका. तो अडकत असेल तर बदला.

प्रश्न : २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर जुनी पद्मिनी चालवावी का? महिनोन्‌महिने उभीच असते.
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : चालवा, पण पंपाचा डायफ्रॅम (आतला पडदा) आणि रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घाला, जुने रबर फुगते, चिरते. इथेनॉलमुळे मिश्रण थोडे पातळ पडते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडते. प्लगचे टोक पांढरट दिसले तर जेट एक नंबर मोठा. कॉफीच्या रंगाचे असेल तर काही करू नका. उभ्या गाडीचा खरा धोका पाण्याचा. इथेनॉल हवेतला ओलावा शोषते आणि टाकी आतून गंजते. पावसाळ्याआधी टाकी रिकामी करा, फ्लोट चेंबर कोरडे होईपर्यंत इंजिन चालू ठेवा, आणि पुन्हा काढताना फिल्टर नवा बसवा.