बारीक माणसाचे जिवाणू घेऊन वजन उतरेल का?

निरोगी माणसाच्या विष्ठेतले जिवाणू दुसऱ्याच्या आतड्यात सोडायचे, याला मलप्रत्यारोपण म्हणतात. लठ्ठपणावर हा उपाय चालतो का, असं विचारणाऱ्या वाचकांचे काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न: लठ्ठ उंदराचे जिवाणू दुसऱ्या उंदराला दिले की तोही लठ्ठ होतो, असं वाचलं. मग बारीक माणसाचे जिवाणू घेतल्यावर माझं वजन का उतरू नये?

उंदरांचे प्रयोग खरे आहेत. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात जेफ्री गॉर्डन यांच्या गटाने २००६ मध्ये लठ्ठ आणि सडपातळ उंदरांचे जिवाणू दोन वेगळ्या गटांना दिले. दोन आठवड्यांत लठ्ठ उंदरांचे जिवाणू मिळालेल्या गटाची चरबी सुमारे ४७ टक्क्यांनी वाढली, दुसऱ्या गटाची २७ टक्क्यांनी. फरक मोठा आहे. पण हे उंदीर जंतुविरहित पेटीत वाढवलेले होते. त्यांच्या आतड्यात एकही जिवाणू नव्हता, त्यामुळे जो आला त्याला आयती जागा मिळाली.

तुमच्या आतड्यात आजच सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू आहेत. अन्नाचा कण न् कण, आतड्याच्या अस्तरावरची प्रत्येक जागा त्यांनी वाटून घेतली आहे. बाहेरून आलेल्यांपैकी काही टिकतात, बरेचसे निघून जातात. टिकणंही जेवणावर अवलंबून असतं. गॉर्डन यांच्याच गटाने २०१३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. एक बहीण लठ्ठ आणि एक सडपातळ अशा जुळ्यांचे जिवाणू त्यांनी उंदरांना दिले आणि मग दोन्ही प्रकारचे उंदीर एका पिंजऱ्यात ठेवले. उंदीर एकमेकांची विष्ठा खातात, त्यामुळे जिवाणूंची देवाणघेवाण आपोआप झाली. खाणं तंतुमय आणि कमी चरबीचं होतं तेव्हा सडपातळ बाजूचे जिवाणू लठ्ठ बाजूच्या उंदरात शिरले आणि चरबी साठणं थांबलं. चरबी जास्त, तंतू कमी असं खाणं दिलं तेव्हा ते रुजलेच नाहीत.

माणसांवरच्या चाचण्यांचं उत्तर सरळ आहे: वजन उतरत नाही. ॲमस्टरडॅमला २०१२ मध्ये चयापचय बिघडलेल्या १८ पुरुषांपैकी काहींना सडपातळ दात्याचे, काहींना स्वतःचेच जिवाणू दिले. वजन होतं तिथेच राहिलं. अमेरिकेत २०२० मध्ये १२ आठवड्यांच्या चाचणीत २२ लठ्ठ व्यक्तींपैकी काहींना सडपातळ दात्याच्या विष्ठेच्या, काहींना खोट्या कॅप्सूल दिल्या. खऱ्या कॅप्सूल घेणाऱ्यांच्या आतड्यात दात्याचे काही जिवाणू टिकलेलेही दिसले, पण वजन हललं नाही आणि भूक आवरणारं जीएलपी-१ हे संप्रेरकही वाढलं नाही. म्हणजे जागा मिळणं हा अडचणीचा अर्धाच भाग आहे. वजनाची सूत्रं मुख्यतः मेंदू, संप्रेरकं आणि खाण्याच्या हातात असतात, जिवाणूंचा वाटा त्यात लहान. ऑकलंडला ८७ लठ्ठ किशोरवयीनांना दोन दिवसांत अशाच खऱ्या किंवा खोट्या २८ कॅप्सूल दिल्या. सहा आठवड्यांनी वजनात फरक नव्हता, पोटाभोवतीच्या चरबीचं प्रमाण मात्र थोडं घटलं.

तुलनेसाठी सांगायचं तर वजन उतरवणाऱ्या सेमाग्लुटाइड या औषधाच्या २०२१ च्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत वजन सरासरी जवळजवळ १५ टक्के उतरलं, नुसत्या खोट्या औषधावर २.४ टक्के. मलप्रत्यारोपणाच्या आशेवर सिद्ध झालेला उपचार लांबवू नका, हे आम्ही कळकळीने सांगतो.

प्रश्न: वजन नाही, तर निदान साखरेला उपयोग?

थोडा, आणि तात्पुरता. ॲमस्टरडॅमच्या चाचणीत सहा आठवड्यांनी शरीर इन्सुलिनला जास्त चांगला प्रतिसाद देऊ लागलं होतं. त्याच गटाने पुढे ३८ पुरुषांवर चाचणी केली. १८ व्या आठवड्यापर्यंत तो फायदा ओसरला होता. कॅनडात एडमंटनला २०२१ मध्ये ७० जणांना कॅप्सूलसोबत रोज तंतूंची पुरवणी दिली. कमी आंबणारे तंतू घेणाऱ्या गटातच इन्सुलिनचा प्रतिसाद सुधारला. जिवाणू दिले आणि त्यांना खायला काय द्यायचं याचा विचारच केला नाही तर ते फुकट जातात, हे उंदरांनी दाखवलेलंच होतं.

प्रश्न: रुग्णालयात हे नेमकं कसं करतात?

सर्वात जास्त वेळ दाता निवडण्यात जातो. गेल्या तीन महिन्यांत अँटिबायोटिक घेतलेलं नको, लठ्ठपणा नको, मधुमेह किंवा आतड्याचा जुनाट आजार नको. रक्तात एचआयव्ही, कावीळ ए, बी, सी आणि सिफिलिस तपासतात. विष्ठेत साल्मोनेला, शिगेला, शिगा विष तयार करणारा ई. कोलाय, नोरोव्हायरस, कृमींची अंडी आणि अँटिबायोटिकला दाद न देणारे जिवाणू शोधतात. या तपासण्या पुन्हा पुन्हा होतात, कारण दाता आज निरोगी असला तरी महिन्याने नसू शकतो. बॉस्टनच्या ओपनबायोम या मलपेढीत अर्ज करणाऱ्यांपैकी ३ टक्क्यांहूनही कमी लोक दाते म्हणून पात्र ठरत.

ताजी विष्ठा सहा तासांच्या आत हाताळायची. यातले बहुतेक जिवाणू प्राणवायूत मरतात. उशीर झाला की मेलेला माल भरला जातो आणि उपचार फसतो. किमान ३० ग्रॅम विष्ठा सुमारे १५० मिलिलिटर निर्जंतुक सलाईनमध्ये कालवतात, गाळून चोथा काढतात. गोठवायचं असेल तर १० टक्के ग्लिसरॉल घालून उणे ८० अंशांवर ठेवतात. ग्लिसरॉल नसेल तर बर्फाचे स्फटिक पेशी फोडतात. वापरताना ३७ अंशांच्या पाण्यात वितळवायचं, सहा तासांत वापरायचं, पुन्हा गोठवायचं नाही.

रुग्णाचं अँटिबायोटिक एक ते तीन दिवस आधी थांबवतात, नाहीतर नवे जिवाणूही त्यानेच मरतील. पॉलीएथिलीन ग्लायकॉल हे रेचक पाजून आतडं धुतात आणि दुर्बिणीने मिश्रण मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या टोकाला सोडतात. ते आत टिकावं म्हणून काही ठिकाणी जुलाब रोखणारं लोपेरामाइड देतात. नाकातून नळी घालून दिलं तर उलटी होऊन मिश्रण फुप्फुसात जाण्याचा धोका असतो.

प्रश्न: मग हा उपचार कुठे उपयोगी पडतो?

सी. डिफिसिल या जुलाब लावणाऱ्या जिवाणूच्या वारंवार उलटणाऱ्या संसर्गात. तिथे अँटिबायोटिकने आतड्यातली मूळ वस्ती उजाड झालेली असते, म्हणून नवी वस्ती बसते. नेदरलँड्समधल्या २०१३ च्या चाचणीत पहिल्याच फेरीत १६ पैकी १३ रुग्ण बरे झाले. अमेरिकेत मान्यता मिळालेली रेबायोटा (२०२२) आणि व्हाउस्ट (२०२३) ही दोन्ही औषधं हाच संसर्ग पुन्हा होऊ नये म्हणून आहेत, वजनासाठी नाहीत.

प्रश्न: घरातला बारीक माणूस निवडून एनिमाने घरीच केलं तर?

करू नका. माणूस ठणठणीत असूनही त्याच्या आतड्यात अँटिबायोटिकला न जुमानणारा ई. कोलाय मुक्काम ठोकून असू शकतो. त्याला त्रास होत नाही, तुम्हाला होऊ शकतो. २०१९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जाहीर केलं की प्रतिकारशक्ती कमी असलेल्या दोन रुग्णांना अशा जिवाणूंचा संसर्ग झाला, त्यातला एक दगावला. दोघांना एकाच दात्याची विष्ठा दिली होती आणि तिची त्या जिवाणूंसाठी तपासणी झालेली नव्हती. वैद्यकीय देखरेखीखालीसुद्धा अशी वेळ येते. स्वयंपाकघरातल्या मिक्सरवर तर कसलीच तपासणी नसते. शिवाय घाईत घातलेली एनिमाची नळी गुदाशय फाडू शकते.

प्रश्न: लठ्ठ दात्यामुळे वजन वाढतं का?

२०१५ मध्ये एका रुग्णाची नोंद प्रसिद्ध झाली. सी. डिफिसिलसाठी मुलीची विष्ठा घेतलेल्या ३२ वर्षांच्या स्त्रीचं वजन १६ महिन्यांत सुमारे ६२ किलोवरून ७७ किलोवर गेलं. पुढे मुलीचंही वाढलं. पण जुलाबाचा आजार बरा झाला की भूक परत येते, शिवाय तिला जठरातल्या हेलिकोबॅक्टरवरही औषध दिलं होतं. एका रुग्णावरून कारण ठरत नाही. तरीही लठ्ठ दाता टाळावा, हे बरोबरच.

प्रश्न: स्वतःचेच जिवाणू साठवून ठेवता येतात का?

ही कल्पना आम्हाला सर्वात आशादायक वाटते. इस्राएलमध्ये ९० जणांनी सहा महिने आहार पाळून वजन उतरवलं, त्या वेळची त्यांची विष्ठा गोठवली आणि वजन परत वाढण्याच्या काळात काहींना स्वतःचीच विष्ठा कॅप्सूलमधून दिली, काहींना खोट्या कॅप्सूल. हिरव्या वनस्पतींवर भर असलेल्या आहाराच्या गटात उतरवलेल्या वजनापैकी १७ टक्के परत आलं, खोट्या कॅप्सूल घेणाऱ्यांमध्ये ५० टक्के. बाकीच्या आहारगटांत असा फायदा दिसला नाही. मोठ्या चाचणीत हेच पुन्हा दिसलं तर वजन टिकवण्याचा एक मार्ग मिळेल.

प्रश्न: अशा चाचणीत भाग घ्यायचा असेल तर काय विचारावं?

नैतिकता समितीची मंजुरी आहे का, दात्याची शेवटची तपासणी कधी झाली, अँटिबायोटिकरोधी जिवाणूंचा अहवाल दाखवाल का, आणि माझ्याकडून पैसे घेणार आहात का. पैसे मागितले तर उठून या. प्रत्यारोपणानंतर थोडं पोट फुगणं, गुरगुरणं, एखादा दिवस पातळ शौच चालतं. ताप, थंडी, वाढती पोटदुखी किंवा शौचात रक्त दिसलं तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा आणि तिथल्या डॉक्टरांना प्रत्यारोपण झाल्याचं आधी सांगा, म्हणजे ते रक्ताची जिवाणूतपासणी लगेच पाठवतील.