सिद्दींच्या वाटा कागदावर

प्रश्न : खानापूर तालुक्यातल्या आमच्या शाळेत नववीचे गट सिद्दी या मूळच्या आफ्रिकी समाजाच्या स्थलांतराचा नकाशा करत आहेत. एका कार्डशीटवर काही बसत नाही. काय करावं?

उत्तर : बाई, दोन नकाशे करा. मोझांबिक बेट ते गोवा सरळ रेषेत सुमारे ५००० किमी. १ सेंमीला १०० किमी धरलं तर ती रेघ ५० सेंमीची होते. पण त्याच प्रमाणात गोवा ते घाटावरचं, कर्नाटकातलं यल्लापूर जेमतेम १ सेंमी, आणि मुलांनी खरं डोकं लावायचं ते तिथेच! म्हणून घाटाचा नकाशा वेगळा, १ सेंमीला ५ किमी.

पोर्तुगीज जहाजं गुलामांना गोव्यात आणत, ती सागरी रेघ सलग काढा. तिथून पळून घाट चढलेल्यांनी वाटा लिहून ठेवल्या नाहीत. तिथे तुटक रेघच हवी. मुलं हमखास चोर्ला घाटाचा आजचा डांबरी रस्ता गिरवतात. आधी खानापूर, हल्याळ, यल्लापुरातल्या वस्त्यांचे ठिपके द्या, वर ट्रेसिंग पेपरवर नद्या-डोंगर, रेघ सर्वांत शेवटी. सिद्दींच्या घरची कोकणी हा गोव्याच्या वास्तव्याचा पुरावा. तो समासात नोंदवा.

वस्तीवर परवानगी घेऊनच जा. ‘तुम्ही गुलाम होतात का?’ असं कुणी विचारू नये. ‘आजी-आजोबा कुठून राहायला आले?’ एवढं पुरतं.