प्रोसेस कधी सुरू झाली हे /प्रॉक मधून नेमके कसे काढायचे

प्रश्न असा आहे: लिनक्सवर एक सर्व्हिस आठवडाभर चालू आहे, पण 'एलएस -एलडी /प्रॉक/४१२७' (४१२७ हा तिचा पीआयडी, म्हणजे प्रोसेसचा क्रमांक) आज सकाळची वेळ दाखवते. मग खरी वेळ कुठे मिळेल?

डिरेक्टरीवरच्या त्या तारखेकडे बघूच नका. /प्रॉक, म्हणजे चालू प्रोसेसची माहिती दाखवणारी डिरेक्टरी, डिस्कवर नसते. तुम्ही तिथे डोकावता तेव्हा कर्नल (लिनक्सचा गाभा) त्या डिरेक्टरीचा आयनोड (फाइलची माहिती ठेवणारी नोंद) मेमरीत तयार करतो आणि त्यावर त्या क्षणाची वेळ टाकतो. मेमरीची चणचण भासली की तो आयनोड काढून टाकला जातो, पुढच्या वेळी नवा बनतो आणि वेळही नवी लागते. तुमची 'आज सकाळ' म्हणजे बहुधा एखाद्या मॉनिटरिंग स्क्रिप्टने तिथे हात घातल्याची वेळ. प्रोसेस सुरू करून लगेच तपासले तर उत्तर बरोबर येते, म्हणून टेस्टिंगमध्ये ही चूक सापडत नाही.

खरा आकडा /प्रॉक/पीआयडी/स्टॅट या फाइलमध्ये बाविसाव्या जागी असतो. तो मशीन बूट झाल्यापासूनच्या क्लॉक टिकमध्ये मोजलेला असतो. सेकंदाला सहसा १०० टिक (खात्रीसाठी 'गेटकॉन्फ सीएलके_टीसीके'), म्हणजे बारकावा १० मिलिसेकंदांचा. ८६,४०,००० दिसले तर प्रोसेस बूटनंतर बरोबर एका दिवसाने सुरू झाली. लॅपटॉप झोपलेला असतानाचा वेळही यात धरलेला असतो.

इथे ऑकने (कॉलम वेगळे करणारी कमांड) थेट बाविसावा कॉलम उचलणारे हमखास फसतात. दुसऱ्या जागी कंसात प्रोसेसचे नाव असते आणि नावात स्पेस चालते, कंससुद्धा चालतो. टीमक्स या टर्मिनल प्रोग्रामचा सर्व्हर तिथे '(टीमक्स: सर्व्हर)' असा स्पेससकट दिसतो आणि पुढचे सगळे कॉलम एकाने सरकतात. ओळीतला शेवटचा बंद कंस शोधा आणि त्याच्यानंतरचा विसावा कॉलम घ्या.

घड्याळातली वेळ हवी तर /प्रॉक/स्टॅट मधल्या 'बीटाइम'मध्ये (बूटची वेळ) टिकचे सेकंद करून मिळवा. पण बीटाइम बूटच्या वेळी लिहून ठेवलेली नोंद नाही. आत्ताच्या घड्याळातून बूटपासून गेलेला वेळ वजा करून कर्नल ती काढतो. एनटीपीने (नेटवर्कवरून घड्याळ जुळवणारी सेवा) घड्याळ पुढे ढकलले की बीटाइम हलतो, आणि त्याच्याबरोबर 'पीएस' कमांड दाखवते ती सुरुवातीची वेळ, 'एलस्टार्ट'ही. घड्याळाची बॅटरी नसलेल्या जुन्या रास्पबेरी पायवर लॉग एक वेळ सांगतो आणि पीएस दुसरी, ते यामुळेच. आणि तिथे बरोबर असतो तो पीएस.

आणखी एक: ही वेळ फोर्कची (नवी प्रोसेस तयार होण्याची) असते, एक्झेकने (त्याच प्रोसेसमध्ये दुसरा प्रोग्राम चढवण्याने) ती बदलत नाही. शेल स्क्रिप्टने शेवटी एक्झेक करून जावा चालवले असेल, तर मिळेल ती वेळ शेल सुरू झाल्याची.

माझ्या मते या आकड्याचा खरा उपयोग वेळ सांगण्यात नाहीच; तो प्रोसेसची ओळख पटवण्यात आहे. पीआयडी पुन्हा वापरले जातात. कर्नलची नेहमीची मर्यादा ३२,७६८ आहे. नवे सिस्टमडी (सर्व्हिस सुरू करणारा प्रोग्राम) ६४ बिट मशीनवर ती ४१,९४,३०४ करते, तरी फेरा कधीतरी पूर्ण होतोच. म्हणून पीआयडी आणि सुरुवातीचे टिक अशी जोडी जपण्याची जुनी पद्धत. कोणाला कशाची परवानगी आहे हे ठरवणारे पोलकिटही तेच करत होते. २०१९ मध्ये गुगल प्रोजेक्ट झीरोच्या यान हॉर्न यांनी त्यातली फट दाखवली: फोर्क चालू असताना सुरुवातीची वेळ आधी नोंदली जायची आणि पीआयडी नंतर मिळायचा. मधल्या टप्प्यावर फोर्क अडवून ठेवला, तर मेलेल्या प्रोसेसचा पीआयडी आणि तिचीच वेळ नव्या प्रोसेसला मिळवता यायची. त्यानंतर कर्नलने ही नोंद उशिरा करायला सुरुवात केली आणि पोलकिटने यूआयडीही (वापरकर्त्याचा क्रमांक) ताडून पाहायला.

सिग्नल पाठवायचा असेल आणि कर्नल ५.३ किंवा पुढचा असेल, तर सरळ पीआयडीएफडी (त्या एकाच प्रोसेसला बांधलेला हँडल) वापरा. उघडल्यावर एकदा ही वेळ ताडून घेतली की पुढे चुकीच्या प्रोसेसला धक्का लागत नाही. स्क्रिप्टच असेल, तर पीआयडी फाइलमध्ये पीआयडी, टिकचा कच्चा आकडा आणि /प्रॉक/सिस/कर्नल/रँडम/बूट_आयडी (दर बूटला बदलणारी ओळख) हे तिन्ही लिहा. बूट_आयडी गाळू नका: रीबूटनंतर टिक शून्यापासून मोजले जातात आणि बूटच्या सुमारास सुरू होणाऱ्या सर्व्हिसचे आकडे एकमेकांच्या फार जवळ येतात.