पाणी सोडलं म्हणजे नेमकं काय सोडलं?

प्रश्न: शेजाऱ्याला उसने दिलेले तीन हजार काही परत येईनात, म्हणून मी वैतागून म्हटलं, जाऊ दे, पाणी सोडलं त्या पैशांवर. तर इथेच वाढलेला माझा मुलगा विचारतो, पैशांवर पाणी कशाला ओतायचं? वर म्हणतो की सोडणे हा शब्द आपण हिंदीच्या छोड़नावरूनच उचललाय. खरंय का?
– एक वाचक, इंदूर

उत्तर: उचललेला नाही हो, दोघं भाऊ आहेत. प्राकृतातल्या छ चा मराठीत बऱ्याचदा स झाला आणि हिंदीत तो छ च राहिला. मुलाला जोड्या लावायला द्या, छुरी-सुरी, छह-सहा, पूछना-पुसणे, मछली-मासळी, त्याच रांगेत छोड़ना-सोडणे आणि छूटना-सुटणे. सगळीकडे असं होतं असं नाही, आपली छाती छातीच राहिली.

आता पाणी. ते खरंच सोडायचे. दान देताना उजव्या हातावर पळीभर पाणी घ्यायचं, ‘न मम’, म्हणजे हे माझं नाही, असं म्हणून ते ताम्हनात सोडायचं, पाणी हातावरून गेलं की हक्क गेला. राष्ट्रकूटांच्या ताम्रपटांत गाव दान दिल्याचं लिहिताना ‘उदकातिसर्गेण’ हा शब्द येतो, तो हाच प्रकार, पाणी सोडून दिलं. उदक सोडणे आपण अजून म्हणतोच, तुळशीपत्र ठेवणे हेही दानातलंच. तिलांजली मात्र जपून वापरा, ती तीळ घातलेल्या पाण्याची ओंजळ मेलेल्या माणसासाठी असते. आणि पाणी फिरवणे वेगळं, त्यात केलेलं काम वाया जातं, मुलाच्या डोक्यात बहुतेक हिंदीतलं तेच पानी फेरना असणार.

बाकी सोडणे हे क्रियापद भलतं लबाड आहे. जेवण सोडलं म्हणजे माणूस उपाशी, आणि उपास सोडला म्हणजे तो पानावर बसला! सोडचिठ्ठीत नवरा-बायको वेगळे होतात आणि सोडमुंज झाली की मुलगा लग्नाला मोकळा.

तुमच्या तीन हजारांचं म्हणाल तर जुन्या रिवाजाने पाणी सोडलंत म्हणजे ते दान झालं, आता शेजाऱ्याकडे मागायची सोय राहिली नाही. मागायचेच असतील तर मुलाला सांगा, बाबा नुसतं वैतागून बोलले होते, हातात पळी नव्हती.